मस्कत विमानानं तीन तास

मस्कत ते हैदराबाद बावीसशे किलोमीटर, विमानाला तीन तास. लोहाऱ्यात माझ्या अप्पांना हा हिशेब तोंडपाठ होता. मी मस्कतला नर्स आहे. "आमची लेक पुण्यापेक्षा जवळ राहती," असं ते स्टँडवर ज्याला त्याला ऐकवायचे. हैदराबादपासून लोहाऱ्यापर्यंतचा रस्ता विमानापेक्षा जास्त वेळ खातो, पण तो त्यांनी कधी हिशेबात धरलाच नाही. त्यावरून मी त्यांना खूप चिडवायची.

त्यांचा एक नेम होता. मी प्रवासात असले की ते पाणीसुद्धा तोंडात घ्यायचे नाहीत. जाताना माझा उतरल्याचा फोन येईपर्यंत आणि येताना मी घराचा उंबरा ओलांडेपर्यंत.

या खेपेला आत्याचा फोन आला. आत्या म्हणजे अप्पांची धाकटी बहीण, त्यांच्याजवळच राहते. "तुझ्या अप्पाचं काय खरं न्हाय बाई. लगेच ये."

मिळालं ते पहाटेचं विमान धरलं. त्यांच्यात जीव असेपर्यंत माझ्या हातचं दोन घोट पाणी त्यांच्या तोंडात पडावं, एवढंच मागत होते. खाली ओमानचे बोडके डोंगर सरले आणि मग नुसता समुद्र लागला. विमान अगदी वेळेवर उतरलं.

गाडीवाला म्हातारा होता. माझं ऐकून म्हणाला, "फिकर नक्को करो बेटी, सीधा घर को छोडतूं." पण हुमनाबादजवळ टायर बसला. तो बदलेपर्यंत मी रस्त्याकडेच्या खानावळीत टेकले. मालकीणबाईंनी विचारलं, "ऊटा आयता?" (जेवण झालं का?) मी नाही म्हटल्यावर त्यांनी ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी पुढं ठेवली. घास काही उतरला नाही. उमरगा मागं पडल्यावर दोन्हीकडं पिवळ्या फुलांची तूर लागली. ओळखीची शेतं बघून जरा धीर आला.

घरासमोर माणसं बसलेली दिसली आणि कळायचं ते कळलं.

आत्यानं मला कवटाळलं. "म्याच घात केला गं. तेवढाच जिवाला आधार म्हणून सकाळी कानात सांगितलं, लेक विमानात बसली. तवापासून ओठच उघडंनात. चमचा लावला की मान फिरवायले. 'येऊ दे तिला' म्हणले. तसंच कोरड्या तोंडानं गेले."

किती परक्या माणसांना मी शेवटचं पाणी पाजलंय. अप्पांच्या तोंडात तांब्यातलं पाणी घातलं, ते कडेनं ओघळून गळ्याखाली गेलं. मला त्या नेमाचा फार राग आला. तो अजून गेलेला नाही.

घरात चूल पेटली नाही. शेजारणींनी कडू घास (सुतकाच्या घरी बाहेरून येणारं जेवण) आणला. पिठलं होतं. आत्या मला भरवत होती आणि स्वतः रडत होती.

तेरावा उरकून परत निघाले. मस्कतला विमानातून उतरताना सवयीनं फोन काढला, तर पहिलं नाव अप्पांचं. मग आत्याला लावला.

"पोचले गं आत्या."

"पोचलीस व्हय? बरं झालं." पलीकडं भांड्याचा आवाज आला. "थांब जरा, पाणी पिते. तू निघाल्यापासून घेतलं न्हाय."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. पण तिचं पाणी पिऊन होईपर्यंत मी फोन कानाला धरून तशीच उभी राहिले.