स्वतःसाठी सापळे मागणाऱ्या वासंतीबाई

डॉ. वासंती आगटे यांची आणि माझी पहिली भेट हिंजवडीत, माझ्या मुलाखतीत झाली. कॉलेजातून निवृत्त होऊन त्या एका सॉफ्टवेअर कंपनीतला छोटा संशोधन गट सांभाळत होत्या.

"क्वांटम संगणक परदेशात आहे. आपण इंटरनेटवरून गणित पाठवलं, उत्तर आलं. आपल्या संगणकाला ते तपासता येत नाही. मग ते खरं कशावरून?"

"मॅडम, ते यंत्र चालवणारी कंपनी नामांकित आहे."

"बिल्डरही नामांकितच असतात," त्या म्हणाल्या. तरीही त्यांनी मला घेतलं.

याच प्रश्नावर बाईंनी पुढची सारी वर्षं काम केलं. गणित असं झाकून पाठवायचं की आपण काय सोडवतो आहोत हे यंत्राला कळू नये. त्यातच, ज्यांची उत्तरं आपल्याला आधीच ठाऊक आहेत अशी काही गणितं मिसळायची. यांना आम्ही सापळे म्हणतो. सापळा कोणता हे यंत्राला ओळखता येत नाही, म्हणून त्याला सगळीकडेच खरं वागावं लागतं. यंत्र नाजूक असल्यामुळे थोडं चुकणारच. पण किती चुका चालवून घ्यायच्या ते आधी ठरवायचं, निकाल पाहून नाही.

माझ्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी बाई बिबवेवाडीहून डबा घेऊन धायरीच्या दवाखान्यात आल्या. "तुम्ही घरी जाऊन झोपा. आम्हा दोघींना बोलायचंय," असं म्हणून त्यांनी मला बाहेर काढलं. आई आजही त्यांचीच चौकशी आधी करते.

ही पद्धत फसवता येत नाही हे दाखवणारी गटातली प्रत्येक सिद्धता बाहेर जाण्यापूर्वी बाईंच्या नजरेखालून जात असे. त्यांनी 'बरोबर' लिहिलं की विषय संपला. सत्तरी ओलांडल्यावर एकदा त्यांनी मला बोलावलं.

"परक्या यंत्रावर आपण विश्वास ठेवत नाही. मग माझ्यावर का ठेवता? अधूनमधून सिद्धतेत मुद्दाम चूक घालून द्या. कुठे ते मला सांगू नका. एक सुटली तर चालेल. दुसरी सुटली की मी थांबणार."

"मॅडम, आपल्या बाबतीत असं करणं बरं दिसत नाही."

"आदर सत्काराला राखून ठेवा."

मी सापळे लावू लागलो. त्या ते अचूक पकडत आणि समासात लाल शाईने लिहीत : 'ही तुमची, की खरीच?' अनेकदा ती आमची खरीच चूक असे.

मग एक सुटली. गेल्या हिवाळ्यात दुसरी सुटली. माझा सापळाच अवाजवी होता का, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं. तसा तो असावा असं मला मनापासून वाटत होतं. नव्हता. गप्प राहिलो असतो तर कुणालाच कळलं नसतं, आणि त्यांच्या एका शब्दावर लोक आपली गुपितं परक्या यंत्राकडे सोपवत राहिले असते. मी जाऊन सांगितलं.

बाईंनी चष्मा पुसून ती ओळ परत वाचली.

"मॅडम, एवढ्या तेवढ्याने काय होतं?" शेजारचे सहकारी म्हणाले.

"मर्यादा मी ठरवली होती. आता सरकवायला ती काय रस्त्यावरचा बॅरिकेड आहे?" त्या हसल्या. आम्हाला कुणालाच हसता आलं नाही. त्याच दुपारी त्यांनी शेवटच्या शब्दाचा अधिकार माझ्याकडे दिला.

आता त्या माझ्या कामात सापळे लावतात. मागच्या आठवड्यात एक माझ्या नजरेतून सुटला. "एक झाली हं," एवढंच फोनवर म्हणाल्या. पंचाहत्तरीनिमित्त त्यांना उत्तम आरोग्य आणि उदंड आयुष्य चिंतितो. माझी दुसरी चूक पकडायलाही त्याच असाव्यात, आणि ती त्यांना पुष्कळ वर्षांनी सापडावी.