उजेड दिसला की चेन बदला

दुकानात किस्से कुणी गोळा करत नाही, ते आपोआप साठतात. आमच्या सायकल दुकानामागं पत्र्याच्या डब्यात झिजलेल्या चेनी साठायच्या, तसेच. विकताही येत नाहीत आणि टाकवतही नाहीत.

सत्तरनंतरची ती वर्षं. मी मूळचा वाईचा. तिशीला आलो तरी हाताला काम नव्हतं, म्हणून सांगलीला आलो आणि कुपवाडच्या रस्त्यावर अण्णाप्पा मिस्त्रींच्या हाताखाली लागलो. कुपवाडला कामाला जाणारे निम्मे लोक आमच्या दारावरून जायचे. चेन बदलायची की नाही, हे मिस्त्रींनी सांगायचं आणि लोकांनी ऐकायचं, असा रिवाज होता.

त्यांची रीत साधी. पुढच्या दातेरी चकरावरची चेन चिमटीत धरून पुढं ओढायची. चेन आणि दात्यांच्या मधून पलीकडचा उजेड दिसला, की चेन संपली. दिसला नाही, तर तेल घालून पाठवून द्यायचं.

*

कुंडलचे, फौजेतून रिटायर झालेले एक हवालदार होते. त्यांनी घरीच नवी चेन बसवली आणि दुसऱ्या दिवशी तणतणत आले. म्हणे चेन खोटी दिली, चढ आला की घसरते. मिस्त्रींनी मागच्या चाकाचं दातेरी फ्रीव्हील दाखवलं. त्याचे दाते झिजून काट्यासारखे झाले होते. नवी चेन त्यांच्यावर बसणार कशी? फ्रीव्हीलही बदलायला हवं होतं.

हवालदार काही ऐकेनात. पलटणीत नवे रिक्रूट जुन्या लोकांतच घालतात, असं त्यांचं म्हणणं.

मिस्त्रींनी शांतपणे विचारलं, "मग पयल्या महिन्यात किती पळत्यात?"

"दोन-तीन पळत्यात की."

"ही पयल्या चढालाच पळाली."

हवालदार खाली बसले आणि त्यांनी फ्रीव्हील बदलून घेतलं.

*

पेठेतले एक दिवाणजी फार काटकसरी. झिजलेली चेन लांबते आणि सैल पडते. सैल पडली की ते एक कडी काढून चेन आखूड करायचे आणि चाक पुढं सरकवायचे. मिस्त्री दर वेळी सांगायचे, दिवाणजी, कडी काढून चेन नवी होत नाही. दिवाणजी हसायचे. शेवटी चाक इतकं पुढं आलं, की मडगार्ड फ्रेमला घासायला लागलं. तरी परत आले आणि म्हणाले, आता काय काढू?

मिस्त्रींनी मान वर न करता सांगितलं, "आता सायकलच काढा."

आम्ही लय हसलो. मिस्त्री हसले नाहीत. ते चेन डोळ्याजवळ धरून बघत होते, आणि ती जरा जास्तच जवळ होती. माझ्या लक्षात आलं ते तेव्हा पहिल्यांदा.

*

त्यानंतर ते सायकल दारात, उन्हात नेऊन बघायला लागले. चष्मा दोनदा बदलला. एकदा नवाकोरा वॉशर हातात घेऊन मलाच विचारलं, वॉशर कुठं ठेवलास? मी त्यांच्या हाताला हात लावला. ते वॉशर बसवायला वळले. ज्यांचं बघणं हेच दुकान, त्यांना दिसत नाही असं कोण म्हणणार?

*

तुकाराम दूधवाले नदीपलीकडून यायचे. हँडलला दोन किटल्या, मागं दोन. चेन वाजते म्हणून आले. मिस्त्रींनी चेन ओढली, बघितली आणि म्हणाले, अजून दोन महिने चालेल.

मी पलीकडं उभा होतो. मला उजेड दिसत होता. चांगला बोटभर उजेड! पण गिऱ्हाइकासमोर मिस्त्रींना खोटं कसं पाडायचं, म्हणून मी गप्प राहिलो. 

चौथ्या दिवशी पुलाच्या चढावर तुकाराम पायडलवर उभे राहिले आणि चेन सटकली. ते किटल्यांसकट खाली आले. उजवा हात मोडला.

आठवड्यानं हात गळ्यात बांधून आले आणि वर आम्हालाच समजावत होते. "मिस्त्रींनी बघितली व्हती, म्हंजे चेनीचा दोष न्हाई. माझाच पाय चुकला आसंल."

मिस्त्री पंक्चरच्या पाण्यात हात घालून बसले होते. हात बाहेर काढायचं त्यांना सुचेना.

*

दोन महिन्यांनी तुकारामांच्या हाताचं प्लास्टर सुटलं. सायकल तशीच घरी पडून होती, चेनही तीच. ते ती घेऊन सरळ मिस्त्रींसमोर उभे राहिले. मी पुढं झालो, तर मला बाजूला सारलं. म्हणाले, मिस्त्रींनीच बघायची, दुसऱ्या कुणाचं मी ऐकणार नाही.

मिस्त्री उठले. हात पुसले. चेन चिमटीत धरून ओढली आणि तशीच धरून ठेवली. बराच वेळ. मग माझ्याकडं तोंड केलं.

उजेड दिसत होता. तुकारामांना कळू नये म्हणून मी हळूच होकाराची मान हलवली.

मिस्त्री थांबले. चेन सोडली नाही.

"मान हलवत आसशील तर मला दिसत न्हाई, रं," ते म्हणाले. "मोठ्यानं सांग. त्यास्नी बी ऐकू दे."