खिडकीतून दिलेली हाक

विमान माझ्यापेक्षा म्हातारं. दोनच खुर्च्या, आणि बाजूच्या खिडक्या वर उचलून आकड्याला अडकवल्या की वारा थेट तोंडावर. मालक परदेशात असतो. इंजिन आखडू नये म्हणून दर रविवारी सकाळी मी ते मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्याने आगाशीपर्यंत नेऊन परत आणायचो. शेजारची खुर्ची रिकामीच असायची. मला तेच बरं वाटायचं, स्वभावच तुसडा.

राजोडीचा किनारा मागे पडला की आगाशीच्या वाड्या लागतात. केळी, पानवेली आणि मध्ये आमच्या घराची गच्ची. तिथे आई एकटी राहायची. मी थ्रॉटल मागे घ्यायचो आणि इंजिनाचा आवाज जरा उतरला की खिडकीबाहेर डोकं काढून ओरडायचो, "आई, येतो गं जेवायला!"

हजार फुटांवरून कोणाला काय ऐकू जाणार! पण दुपारी घरी पोचलो की भात वाफाळता असायचा.

"आयकलं ना मी," आई म्हणायची. "लगेच भात टाकला."

पन्नाशीला आलेला माणूस मी, पण एवढ्यावर खूश व्हायचो.

आता सांगायला नको वाटतं ते सांगतो. मी राहतो मनवेलपाड्याला. तिथून आगाशी ती केवढी, रिक्षाने अर्धा-पाऊण तास. तरी कित्येक रविवारी मी वरून हाक मारायचो आणि उतरल्यावर सरळ माझ्या घरी जाऊन झोपायचो. वाटायचं, भेट झालीच की. फोनवर आईला एकच गोष्ट तीन-तीनदा सांगावी लागायची, तर मी रेंजला शिव्या घालायचो.

आई गेल्यावर तिच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना विचारलं, तिला विमान खरंच ऐकू यायचं का?

"कुठचं आयकनार! दारात रिक्षा आली तरी समजायचं नाय," त्या म्हणाल्या. "रविवार आला का दोन मानसांचा भात टाकायची. तुमी नाय आलात तर तीन वाजेपर्यंत ताट घ्यायची नाय. मी ओरडायची, तर म्हनायची, विमान ठेवून यायला त्याला उशीर होतो."

मला रडू आलं नाही. लाज वाटली, आणि ती अजून जात नाही.

गेल्या रविवारी वाडीवर आलो, थ्रॉटल मागे घेतला, सवयीने डोकं बाहेर काढलं. गच्चीवर कपड्यांची रिकामी दोरी तेवढी दिसली. डोकं आत घेतलं आणि खिडकी लावून टाकली.

उतरून थेट आगाशी गाठली. कुलूप काढलं, दोन माणसांचा भात टाकला, शिजल्यावर झाकून ठेवला. एक वाजला होता. तीनपर्यंत ताट घ्यायचं नाही असं ठरवून दाराशी बसलो. बऱ्याच वेळाने घड्याळ बघितलं, तर सव्वाच झाला होता. एक ते तीन हा फार मोठा वेळ असतो.