डबा परत करताना

मी तापट आहे हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझी बाजू घ्यायला जाऊ नये.

आम्ही दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. वरच्या मजल्यावर एक पंजाबी बाई राहायच्या. नवरा लवकर गेलेला, स्वतःची नोकरी, स्वभाव कडक. सगळा ब्लॉक त्यांना बहनजी म्हणायचा, म्हणून आम्हीही. एकदा त्या तापानं पडल्या आणि आई त्यांच्यासाठी आमसुलाची आमटी आणि मऊ भात घेऊन वर गेली. ताप चार दिवसांत उतरला, पण आमटी काही थांबली नाही. त्या तिला खट्टी दाल म्हणायच्या आणि वाटीला तोंड लावून प्यायच्या.

सुरुवातीला बहनजी आमचा डबा लख्ख घासून रिकामाच परत करायच्या. मग एकदा त्यांनी सरसोंचं साग पाठवलं, आणि आईनं त्यांचं पातेलं परत करताना त्यात दोन बेसनाचे लाडू ठेवले. दुसऱ्या दिवशी त्या पायऱ्या उतरून खाली आल्या. ‘तुमच्यात रिकामं भांडं परत करत नाहीत का?’ त्यांनी हिंदीत विचारलं. आई म्हणाली, नाही करत, अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतो. तेव्हापासून त्यांचा एकही डबा रिकामा आला नाही. कधी चार लिंबं, कधी रेवड्या, कधी तिळाची गजक. एकदा घरात काहीच नव्हतं तर तुळशीची पानं आली. आई त्यावर दिवसभर हसत होती.

रिटायर झाल्यावर बहनजी दिल्लीच्याच दुसऱ्या टोकाला, द्वारकेला राहायला गेल्या. नवऱ्यानं हयात असताना एका सोसायटीत पैसे भरून ठेवले होते, तिथं दुसऱ्या मजल्यावर त्यांना दोन बेडरूमचा फ्लॅट मिळाला. मेट्रो तेव्हा तिकडे पोचली नव्हती. पाण्याचे टँकर यायचे आणि संध्याकाळनंतर रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. मला वाटलं, सुटलो. कसलं काय! आई दर शनिवारी दोन बस बदलून डबा घेऊन जायला लागली. मी चिडवायचे, ‘लोक शनिवारी मारुतीला तेल घालतात, तू बहनजींना आमटी घाल.’ ती म्हणायची, ‘घालते, तुझं काय जातंय?’

बहनजींना एक मुलगा होता. फरिदाबादला गाड्यांच्या सुट्या भागांचं छोटंसं दुकान, भाड्याचं घर, बायको, दोन मुली. त्याच्या लग्नावरून मायलेकांचं बिनसलं होतं आणि बहनजींनी सुनेला दारात उभं केलं नव्हतं. तरी औषधं तोच आणून द्यायचा, महिन्याच्या महिन्याला. दारातूनच द्यायचा आणि जायचा. हे आईला माहीत होतं. मला नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला जाणून घ्यायचंही नव्हतं.

बहनजी वारल्या तेव्हा बाबांच्या रिटायरमेंटला चौदा महिने उरले होते. सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेल्या माणसालाच ही भीती कळेल. आयुष्यभर भिंती आपल्या, खिळे आपले, अंगणातला कढीपत्ता आपला, आणि एका तारखेला सगळं खाली करून किल्ली द्यायची. बाबांनी बहिणींची लग्नं केली, भावाचं शिक्षण केलं, आणि स्वतःच्या घरासाठी जिथं जिथं नाव घातलं तिथं तिथं सोडतीत ते निघालंच नाही. रविवारी ते पेपरातल्या जाहिरातींवर पेन्सिलीनं गोल करत बसायचे आणि दुपारी पेपर रद्दीत जायचा.

बहनजींच्या चौथ्याला, म्हणजे चौथ्या दिवसाच्या प्रार्थनेला, आई जाऊन आली. आठवड्यानं त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी आमच्या घरी आले. बहनजींनी रीतसर मृत्युपत्र करून नोंदवलं होतं आणि फ्लॅट आईच्या नावावर ठेवला होता. आईला आधी कळेचना. तिला वाटलं, काही सामान न्यायला बोलावताहेत. सेक्रेटरी म्हणाले, कागद माझ्याकडे देताना मी त्यांना विचारलं होतं, परक्या बाईला का? तर त्या म्हणाल्या, ‘डिब्बा ख़ाली थोड़े ही लौटाते हैं।’

बाबा उठून आतल्या खोलीत गेले, आणि मी दारातून पाहिलं तर ते भिंतीकडे तोंड करून रडत होते. मी बाबांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. मला तर काय, आकाश ठेंगणं झालं होतं. मी त्याच दिवशी मनात पडदे लावून टाकले.

आणि आई म्हणाली, ‘आपण हे घ्यायचं नाही.’

झालं, घरात आग लागली. बाबा म्हणाले, त्यांनी प्रेमानं दिलंय, परत करणं म्हणजे मेलेल्या माणसाचा अपमान. आई म्हणाली, लिंबं दिली ती घेतली की मी. हे लिंबू नाही, हे त्या पोराचं घर आहे. मग बाबा म्हणाले, त्यानं काय केलं आईसाठी? आई म्हणाली, औषधं आणली. मग आवाज वाढले. बाबांनी तिच्या हातचं जेवणं बंद केलं. ऑफिसच्या कँटीनमध्ये खायचे आणि घरी आल्यावर भूक नाही म्हणायचे. आई रोज त्यांचं ताट वाढायची आणि रोज ते झाकून ठेवायची.

एका रविवारी तो मुलगा बायकोला घेऊन आमच्याकडे आला. नखांत काळं ऑइल, इस्त्रीचा शर्ट, खुर्चीच्या अगदी कडेला बसला. म्हणाला, मम्मीचा राग माझ्यावर होता, तुमचा काही दोष नाही. आई म्हणाली, निदान अर्धा तरी तुझा. तो म्हणाला, अर्ध्या घरात दोन कुटुंबं कशी राहणार, आंटीजी? आई काही बोलणार तोच त्याची बायको उठली आणि म्हणाली, ‘खाने के पैसे ही बता देतीं आंटी, हम दे देते। इतना महँगा तो नहीं पड़ता।’

आईच्या हातात चहाचा ट्रे होता. तिनं तो टेबलावर ठेवला, स्वयंपाकघरात गेली आणि ते दोघं जाईपर्यंत बाहेर आली नाही.

त्या संध्याकाळी तिनं पक्कं ठरवलं, सगळंच्या सगळं त्याच्या नावावर करून द्यायचं. आणि मी तोंड उघडलं. पंचवीस वर्षांची घोडी होते, नोकरी होती, समजत नव्हतं असं नाही. म्हटलं, ‘तुझ्या चांगुलपणापायी आम्ही रस्त्यावर यायचं का? बाबांनी म्हातारपणी घरमालकाच्या पायऱ्या झिजवायच्या? दहा वर्षं घरातली आमटी तिकडे वाहिलीस, ती काय तुझ्या एकटीची होती?’

हे शेवटचं मी बोलायला नको होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. नवीन माणसाकडे बघतात तसं. मग म्हणाली, ‘बरं. कुठे सही करायची ते दाखव.’

त्या मुलाची वकिलाकडून एक नोटीस आली आणि नंतर काहीच आलं नाही. कोर्टात जाण्याइतकी त्याची ऐपत नसावी. आम्ही, देवाची शपथ, त्या शांततेवर खूश झालो.

द्वारकेला राहायला गेलो. बाबांनी दारावर पितळेची पाटी लावली, रोज सकाळी फडक्यानं पुसायचे. आईनं बहनजींचा ओटा धुतला आणि तिथं स्वयंपाक करायला लागली, पण मापून. माणशी तीन पोळ्या, वाटीभर आमटी, संपलं. शेजारी कुणाकडे वाटीभर काही द्यायचं नाही आणि कुणाकडून काही आलं तर हात जोडून परत. सोसायटीत दोन-तीन मराठी घरं होती. संक्रांतीला त्या बायका तिळगूळ घेऊन आल्या तर हिनं दारातच तिळगूळ तोंडात टाकला, गोड बोलली आणि दार लावून घेतलं. लोक म्हणायचे, तुझी आई जरा शिष्ट आहे ना? मी म्हणायचे, छे, वयामुळे असेल. आमसूल तर तिनं आणणंच सोडलं. आमटी चिंचेची व्हायला लागली आणि बाबांनी कधी विचारलं नाही, का म्हणून.

बाबा त्या घरात नऊ वर्षं राहिले आणि सुखानं गेले. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण त्यांचं सुख खरं होतं. ते गेल्यावर आई मला म्हणाली, ‘आता तरी देऊन टाकू या.’ मी लग्न होऊन नोएडाला गेले होते, दोन मुलं, सासू. मी म्हटलं, ‘आणि तू कुठे राहणार?’ माझ्याकडे ये, असं काही मी म्हटलं नाही. तिनं तो विषय पुन्हा काढला नाही.

मग तिचा पाय मोडला. बाथरूममध्ये घसरली. ऑपरेशन झालं, वॉकर आला, दिवसा बाई ठेवली. मी दर शनिवारी मेट्रोनं जायचे, डबा घेऊन. समोरच्या फ्लॅटमध्ये एक मुलगी भाड्यानं राहायला आली होती, केरळची, एका हॉस्पिटलात नर्स. ड्यूटीवरून येताना ती आईची चौकशी करायची, बीपी बघायची, आणि तिच्यासाठी रोज छोट्या स्टीलच्या डब्यात पातळ पेज आणायची. आणि काय आश्चर्य, आई ती घ्यायला लागली! इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. एका शनिवारी तर मला म्हणाली, ‘पोरगी पेज छान करते गं. तिच्या डब्यात घालायला जरा राजगिऱ्याचे लाडू आण पुढच्या वेळी.’ तिचा आवाज मला जुन्या क्वार्टरमधला वाटला.

पण त्याच दिवशी मला कळलं की घराची एक किल्ली त्या मुलीकडे असते. माझं डोकं फिरलं. ‘किल्ली कशाला दिलीस? कोण कुठली ती! आणि रोज इतकं करते ते कशासाठी, यार, आई? आजकाल कुणी फुकट करतं का? जरा डोळे उघडे ठेव.’

‘अच्छा,’ एवढंच आई म्हणाली. मी लाडू आणायला विसरले, ते वेगळंच.

दोन-तीन आठवड्यांनी ती मुलगी मला लिफ्टपाशी भेटली. चेहरा उतरलेला. म्हणाली, ‘दीदी, मुझसे कोई ग़लती हुई क्या? आंटी मेरा डिब्बा भरा का भरा लौटा देती हैं।’ मी तरातरा वर गेले. आई खुर्चीत बसली होती, निम्मी झालेली. समोर पैसे देऊन मागवलेला डबा, तेलाचा तवंग आलेली भाजी, त्यातले चार घासही खाल्ले नव्हते.

‘हे असलं खातेस आणि तिची पेज परत करतेस? का?’

‘ह्याचं बिल येतं,’ ती म्हणाली. ‘ह्याला कुणी काही म्हणणार नाही.’

‘आणि तिला कोण काय म्हणणार आहे?’

तिनं शांतपणे सांगितलं, अगदी न चिडता. ‘तू. उद्या मी गेले की तू तिला विचारशील, किती दिवस आणत होतीस आणि कशासाठी. पोरगी परक्या गावात एकटी राहते. असलं बोलणं मी एकदा ऐकून घेतलंय. तिला ते नको.’

मी तिच्या पायाशी बसले, रडले, चुकलं म्हणाले, जाऊन त्या मुलीचे हात धरून पेज आणली. आईनं माझ्या समाधानासाठी दोन चमचे खाल्ले आणि डबा परत पाठवला. मी शनिवारी असले की दोन चमचे, एरवी नाही. त्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला आणि सहा दिवसांत ती गेली. त्या सहाही दिवसांत ती मुलगी हॉस्पिटलमध्ये माझ्यापेक्षा जास्त वेळ तिच्याजवळ होती.

तेराव्यानंतर मी घर आवरत होते. ओट्यावर तो छोटा स्टीलचा डबा होता, घासून पालथा घातलेला. आई हॉस्पिटलात गेली त्या दिवशीचा, परत करायचा राहिलेला. मी तो उघडला. घरात लाडू नव्हते, फळ नव्हतं, लिंबूसुद्धा नव्हतं. साखरेच्या बरणीतून दोन मुठी साखर घातली आणि समोरची बेल वाजवली. ती युनिफॉर्ममध्येच होती. आधी तिनं किल्ली माझ्या हातात ठेवली. मग डबा घेतला आणि तो जड लागला तशी थबकली.

‘इसमें क्या है, दीदी?’

‘शक्कर. हमारे यहाँ डिब्बा ख़ाली नहीं लौटाते।’

ती गोंधळली. मग खूप मवाळपणे म्हणाली, ‘आंटी ने मना किया था। बोली थीं, इस घर से चम्मच भर भी कुछ मत लेना, दीदी पूछेगी।’

‘नहीं पूछूँगी,’ मी म्हटलं.

तिनं मान हलवली. माझ्या शेजारून आमच्या घरात शिरली, ओट्यापाशी गेली, बरणीचं झाकण काढलं आणि एक दाणा न सांडता सगळी साखर परत बरणीत ओतली. डब्याच्या कडेला चिकटलेली बोटानं निपटून काढली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि डबा घेऊन गेली.

आमच्या घरून रिकामा डबा गेला तो तेवढाच.