चालाबाई

शिरूरच्या त्या डॉक्टरीणबाईंचं खरं नाव आमच्या निमोण्यात कुणी घेत नसे. सगळ्यांच्या तोंडी चालाबाई. ताप असो, खोकला असो, पेशंट दारात दिसला की बाई म्हणायच्या, "बसू नका. आधी चालून दाखवा." नाडी नंतर. एकदा माझा घसा बसला होता, तरी चालायला लावलं. मी मनात म्हटलं, अगं बाई, घसा काय पायात असतो का!

माझ्या सासऱ्यांना, आप्पांना, घेऊन गेले तेव्हा या सवयीचं मोल कळलं. शेवंतीच्या मळ्यात तरातरा फिरणारा माणूस, पण पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले होते. सारखे पडायचे, नावं विसरायचे. भावकीत जो तो म्हणायचा, "वय झालं, दुसरं काय!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

मी दंड धरून त्यांना आत आणलं, तर बाई माझ्यावरच खेकसल्या. "सोडा त्यांचा हात. तुम्ही धरलंत तर मला काय दिसणार?" आप्पा फरशीवर पाय घासत गेले. वळताना तर जागच्या जागी कितीतरी पावलं टाकत राहिले. बाईंनी मला पडद्याआड नेऊन हळूच विचारलं, "लघवी कळते का त्यांना?" मी रडायलाच लागले. त्यांची धोतरं रोज गुपचूप धुणारी मी एकटीच. घरात कुणी हे विचारलंच नव्हतं.

डोक्याचा स्कॅन झाला. मेंदूतल्या पोकळ्या मोठ्या झाल्यात, असं रिपोर्टात होतं. आमच्या ह्यांनी लगेच मोबाइलवर शोधलं आणि हातपाय गाळून बसले. बाईंनी तो मोबाइल काढून घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला. "या पोकळ्या सगळ्यांनाच असतात. त्यात पाणी खेळतं असतं. म्हातारपणी मेंदू आकसतो, मग त्या मोठ्या दिसतात. त्याला इलाज नाही. पण कधी पाण्याचा निचरा नीट होत नाही, त्या फुगतात आणि मेंदूला दाबतात. त्याला इलाज आहे. यातलं काय झालंय, हे नुसत्या फोटोवरून ठरत नाही. तेच पाणी पाठीच्या कण्यातही असतं. तिथून थोडं काढू आणि चाल सुधारते का बघू."

"आन् न्हाई चाललो तर?" आप्पांनी विचारलं.

"तर तुमच्याशी खोटं बोलणार नाही."

पुण्याच्या दवाखान्यात पाणी काढलं. दुसऱ्या दिवशी बाई स्वतःचा दवाखाना बंद ठेवून तिथं हजर! एवढं कोण कुणासाठी करतं? आप्पा कॉटवरून उठले, खिडकीपर्यंत गेले, वळले आणि सरळ परत आले.

"च्यायला, पाय सुटलं की वो बाई!"

"परत एकदा," बाई म्हणाल्या. पण हसू त्यांनाही आवरत नव्हतं.

पुढं ऑपरेशन करून ते पाणी पोटात उतरवणारी बारीक नळी बसवली. आप्पा नावं अजून चुकतात, पण शेवंती तोडायला माझ्याआधी मळ्यात असतात. धोतरं आता स्वतःच धुतात.

म्हातारपणी बाई दौंडला लेकीकडे राहायला गेल्या. यंदा त्या वारल्याचा निरोप आला, तसे आप्पा टोपी घालून दारात उभे. आम्ही पोचलो तेव्हा तिरडी उचलायची तयारी चालली होती. आप्पा पुढं सरसावले.

"आजोबा, राहू द्या. तुम्हाला न्हाई झेपायचं," कुणीतरी म्हणालं.

"का न्हाई झेपायचं?" आप्पांचा आवाज चिरकला. "ह्ये पाय बाईंनी दिल्यात मला. आज न्हाई चालायचं तर कवा?"

त्यांनी खांदा दिला. मी फाटकाशी रडत उभी होते. तिरडी गल्लीच्या टोकाला वळली, आणि खांदेकऱ्यांत आप्पांचं पाऊल कुणाच्याही मागं नव्हतं.