गाडीमावशीच्या गाडीचं तेल

मास्तरांना गाडी चालवता येत नव्हती आणि त्याची त्यांना कधी लाजही वाटली नाही. गाडी बायकोची होती. ती शाळेच्या मुलांची ने-आण करायची, आणि आसपासची सगळी पोरं तिला गाडीमावशी म्हणायची. मास्तर टेलर. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागच्या खोलीत संसार आणि दाराशी पत्र्याखाली ती पांढरी व्हॅन. "अहो मास्तर, तुम्ही तुमचं कापड बघा, मी माझी गाडी बघते," असं ती म्हणायची, आणि या वाटणीवर दोघांचं झकास चाललं होतं. बोलण्याचं खातंही तिच्याचकडे. ती दिवसभर बोलणार, हे तोंडात टाचण्या धरून "हं, हं" करणार. परगावच्या मुलीचा फोन आला की मायलेकींच्या गप्पा संपता संपायच्या नाहीत, आणि अगदी शेवटी फोन मास्तरांच्या कानाला लागायचा. "बरी आहेस ना? जेवलीस ना?" झालं, संपलं. आपणहून फोन लावणं तर या घुम्या माणसाला जन्मात जमलं नाही.

ती थंडीत गेली. खोकला म्हणता म्हणता दुखणं छातीत गेलं आणि दवाखान्यातून ती परत आली नाही. घर खायला उठतं म्हणजे काय, ते मास्तरांना तेव्हा कळलं. जन्मभर "जरा गप्प बस गं" म्हणणाऱ्या माणसाला आता कुणीतरी बोलावं म्हणून जीव जायचा. मुलगी आठवड्यातून एकदा फोन करायची, पण आजवर तिचा फोन आईसाठीच असायचा. बापाशी काय बोलायचं हे तिलाही ठाऊक नव्हतं. "बाबा, गाडी विकून टाका," एवढं मात्र ती दर वेळी सांगायची. मास्तर "बघू" म्हणायचे.

विकणं त्यांच्या मनातच नव्हतं. रविवारी सकाळी ती व्हॅन सुरू करायची, काचा पुसायची, तेल बघायची. ते काम मास्तरांनी आपल्या अंगावर घेतलं. चालवता येत नसली म्हणून काय झालं, किल्ली तर फिरवता येते! ते आपल्या नेहमीच्या, बाजूच्या सीटवर बसायचे आणि वाकून किल्ली फिरवायचे. ड्रायव्हरच्या सीटवर ते कधी बसले नाहीत. ती बुटकी, म्हणून सीट पार पुढे ओढलेली, पाठीशी तिची चपटी झालेली उशी. ते सगळं होतं तसंच होतं. इंजिन घरघरू लागलं की दाराच्या काचा थरथरायच्या आणि पाव तास घरात कुणीतरी असायचं. मग मास्तर उतरून तेलाची पट्टी काढायचे, फडक्याला पुसून पुन्हा बुडवायचे आणि बघायचे. तेल कमी होत नव्हतं. उलट खुणेच्या जरा वरच दिसायचं. मास्तर खूश व्हायचे. त्यांना वाटायचं, बघ, तुझी गाडी कशी सांभाळलीय.

शाळा उघडायच्या आत तेल बदलायचं, असा तिचा नेम होता. शाळा उघडायची वेळ आली तेव्हा मास्तर तेल आणायला निघाले. इंजिनच्या झाकणावर '५ डब्ल्यू ३०' असं लिहिलेलं होतं, ते पाठ करत करत दुकानात गेले. दुकानदाराने वर न बघताच एक डबा पुढे सरकवला. डब्यावर ज्वाळांतून धावणारी गाडी, सोनेरी अक्षरं आणि मोठ्ठा ५ डब्ल्यू ३०.

"हेच का?" मास्तरांनी विचारलं.

"नंबर तोच आहे ना? मग झालं तर."

घरी आल्यावर त्यांनी तो डबा तिच्या जुन्या रिकाम्या डब्याशेजारी ठेवला. तिचा डबा मागच्या दारी कुंड्यांना पाणी घालायला होता. नंबर खरंच एकच होता. पण मास्तर पडले टेलर. कापडाची उलट बाजू पाहिल्याशिवाय जो माणूस रुमालसुद्धा बेतत नाही, तो डबा फिरवून बघणारच. दोन्ही डब्यांच्या पाठीवर मुंगीएवढी अक्षरं होती. चष्मा कपाळावरून नाकावर आला. तिच्या डब्यावर व्हॅनच्या कंपनीचं नाव, पुढे 'मान्यताप्राप्त' आणि आकड्यांचा एक संकेत होता. नव्या डब्यावरही कंपनीचं नाव होतं, पण पुढे लिहिलं होतं, 'निकषांनुसार योग्य'. संकेताचा पत्ता नव्हता. मास्तरांनी दोन्ही डबे पिशवीत घातले आणि गल्लीच्या टोकाला मिस्त्रीकडे गेले. गाडीमावशीची व्हॅन वर्षानुवर्षं हाच मिस्त्री बघत आला होता.

"मिस्त्री, नंबर एकच आहे. मग फरक काय?"

"नंबर म्हणजे नुसता पातळपणा, मास्तर. पहिला आकडा थंडीतला, दुसरा इंजिन तापल्यावरचा. तेल कसलं आहे, ते नंबर सांगत नाही."

"म्हणजे माप. चाळीस नंबरचा सदरा मलमलचाही होतो आणि ताडपत्रीचाही."

मिस्त्री हसला. "हां! आता हे बघा. 'योग्य' असं तेलवाला आपल्या तोंडाने म्हणतो. असेलही बरं त्याचं तेल, मी वाईट म्हणत नाही. पण 'मान्यताप्राप्त' म्हणजे गाडीच्या कंपनीने ते तपासलं आणि कागद दिला. हा संकेत त्या कागदाचा. तुमच्या गाडीच्या धुराच्या नळीत जाळी आहे, काजळी धरणारी. राख जास्त करणारं तेल घातलं की ती तुंबते. म्हणून गाडीच्या पुस्तकात हाच संकेत दिलाय. मावशी दुसरं तेल घालूच द्यायच्या नाहीत. डबा माझ्या हातातून घेऊन आधी पाठ वाचायच्या."

मास्तरांना सगळं लख्ख समजलं. एक सदरा नुसता सांगितलेल्या मापावर शिवलेला, दुसरा गिऱ्हाइकाने अंगात घालून, हात वर करून, "हां, बसला" म्हटलेला. ट्रायल घेतल्याशिवाय काजं न करणारा हा माणूस! बायको डब्याची पाठ वाचते हे इतक्या वर्षांत त्यांना माहीत नव्हतं. आपण दोघं एकाच जातीचे कारागीर होतो, हे त्यांना तिथे, तेलकट बाकड्यावर बसून कळलं, आणि ते सांगायला ती नव्हती.

नवा डबा परत गेला, संकेतवाला आला. दुसऱ्या दिवशी मिस्त्री तेल बदलायला घरी आला. त्याने पट्टी काढली, पाहिली, मग बोटांत तेल चोळून हुंगलं. त्याचा चेहरा बदलला.

"मास्तर, हिच्यात डिझेल उतरलंय. गाडी चालवतं कोण?"

"कोणी नाही. मी दर रविवारी सुरू करतो, पाव तास. एक रविवार चुकवला नाही." हे सांगताना त्यांचा आवाज जरा चढलाच होता.

मिस्त्री हात पुसत बसला. मग म्हणाला, "उभी गाडी नीट तापत नाही. न जळलेलं डिझेल तेलात उतरतं, म्हणून तर पट्टी वर दाखवते. आणि काजळी जाळायला जाळी तापायला हवी, तिला लांबचा रस्ता लागतो. वाईट वाटून घेऊ नका, पण हिला तुमचे रविवार बाधलेत."

"मग आता हे तेल? मान्यतेचं?"

"घालतो ना. पण जगातलं सगळ्यात भारी तेल घातलं तरी उभ्या गाडीला ते काय करणार? हिला चालवणारं माणूस हवं. अजून सुधारेल. आणखी असंच ठेवलंत, तर इंजिन जाईल."

आता गोष्ट सरळ होती. गाडी दाराशी ठेवली तर ती मरणार होती, आणि जगवायची तर दारातून घालवावी लागणार होती. मास्तर त्या रविवारी किल्लीला शिवले नाहीत. पुढच्याही नाही. नुसते बाजूच्या सीटवर जाऊन बसले. मग एका सकाळी त्यांनी मिस्त्रीला निरोप दिला, "गिऱ्हाईक बघ. शाळेची पोरं नेणारं बघ."

गिऱ्हाईक आलं ती एक उंच, हसरी बाई होती. तिची जुनी व्हॅन मोडीत निघाली होती आणि शाळा तोंडावर आली होती. मास्तर त्या दिवशी जितके बोलले तितके लग्नातही बोलले नसतील. "तेल हेच घालायचं, ताई. पुढचा नंबर बघून भुलायचं नाही, डब्याची पाठ वाचायची. 'योग्य' नको, 'मान्यताप्राप्त' हवं, आणि हा संकेत जुळला पाहिजे." बाईने दोनदा म्हणून दाखवलं. मास्तरांनी तो जुना रिकामा डबाही बरोबर दिला, नमुना म्हणून. बाई चांगली होती. तिने दार उघडलं, उशी काढून अदबीने मास्तरांच्या हातात दिली, आत बसली, गुडघे स्टिअरिंगला लागले म्हणून खाली हात घातला आणि सीट मागे ढकलली.

खट्.

तेलाचं सगळं सांगून झालं होतं. सीटचं मास्तरांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि आलं असतं तरी काय सांगणार होते? गाडी गेली. ते उशी धरून पत्र्याखाली उभे राहिले, आणि त्यांना रडू आलं.

पुढच्या रविवारी घर इतकं गप्प होतं की मास्तर चहा तसाच टाकून मशीनवर जाऊन बसले आणि पाय चालवू लागले. मशीन धडधडू लागली. बरं वाटलं. बऱ्याच वेळाने त्यांचं लक्ष सुईकडे गेलं, तर सुईखाली कापडच नव्हतं. सुई रिकामीच वरखाली होत होती. उभ्या गाडीबद्दलचं मिस्त्रीचं बोलणं आठवलं आणि त्यांचे पाय आपोआप थांबले.

त्यांनी फोन घेतला. नंबर लावता लावता दोनदा चुकला.

"बाबा?" मुलगी घाबरूनच बोलली. "काय झालं? बरे आहात ना?"

"काही झालं नाही गं."

"मग फोन कसा केलात?"

मास्तरांनी जेवलीस का ते विचारलं नाही. या वेळी त्यांनी फोन ठेवलाही नाही.

"तुझी आई तेलाच्या डब्याची पाठ वाचायची," ते म्हणाले. "तुला माहीत होतं?"