परातीच्या पलीकडून

चोरखमाऱ्याजवळच्या आमच्या गावात कुंदाबाई अंगणवाडी चालवते आणि मी तिची मदतनीस. ती परातीत राखड पसरते, पोरांना समोर बसवते आणि बोटानं अक्षर काढते. पोरं त्याच रेघेवरून बोट फिरवतात, त्यामुळे कोणी कधी चुकत नाही.

पण पहिलीत गेल्यावर तीच पोरं अक्षरं उलटी काढतात, अशी शाळेच्या गुरुजींची तक्रार. कुंदाबाई त्यांना तोंडावर सांगायची, "माह्याकडं बरोबर काढत होती. तुमीच बिघडवली." मीही तावातावानं तेच सांगायची.

काल नव्या पाट्या आल्या. राखडीतला 'प' पाहून चिमुकल्या डिंपलनं तो पाटीवर उतरवला. आडवी रेघ खाली, दांडी वर.

"काऊन उलटा काढून राहिली, पोरी?" कुंदाबाई खेकसली.

"असाच त हाय, बाई," डिंपलनं परातीकडे बोट दाखवलं.

कुंदाबाई तणतणत उठली, डिंपलच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिनं खाली पाहिलं. मीही जाऊन पाहिलं. परातीतला कुंदाबाईचा 'प' डोक्यावर उभा होता.

इतक्या वर्षांत त्या बाजूला आम्ही दोघी एकदाही बसलो नव्हतो.